एप्रिलमधले दवबिंदू

माझ्या वडिलांना राग येत नाही. ही स्तुती नाही, तक्रार आहे. एकतीस वर्षं ते रत्नागिरीतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. कुणीही 'काशीराम, इकडे ये' म्हणावं आणि त्यांनी जावं. त्यांच्या वाट्याचा राग कुणीतरी करायलाच हवा होता, आणि आमच्या घरात ते काम माझ्याकडे आलं. मी त्यांची मुलगी तेजल, एका सरकारी कचेरीत कंत्राटावर टंकलेखक. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं टाईप करते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझी स्वतःची बरीच साठलेली असतात.

आमची बौद्धवाडी पालीपासून चार किलोमीटर आत, गावाच्या अगदी टोकाला. वाडीच्या पाठीमागे चढण चढलं की सडा. जांभ्या कातळाचं सपाट, उघडं पठार. उन्हाळ्यात तिथे पाय ठेववत नाही. काळा पडलेला दगड आणि करपलेलं गवत, बाकी काही नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये वर गेलात तर कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी साचलेलं असतं आणि त्याच्या काठाला लाल रंगाची चिमुकली झाडं जमिनीला चिकटून बसलेली असतात. रुपयाच्या नाण्याएवढी. पानांच्या कडेला केस आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब. चिलट त्यावर बसलं की सुटत नाही. केस सावकाश आत वळतात, पान त्याला कवेत घेतं आणि दोन-तीन दिवसांत चिलटाचं नुसतं टरफल उरतं. पुस्तकात या वनस्पतीला दवबिंदू म्हणतात. वाडीत तिला नाव नव्हतं. माझी आई, कमलाबाई, तिला शेंबडी म्हणायची आणि अजूनही म्हणते.

बाबांच्या विभागात एक प्राध्यापक होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव लिहिलं तर पुढे आणखी काय काय लिहून बसेन याचा मला भरवसा नाही. सगळे त्यांना सर म्हणत, मीही तेवढंच म्हणते. सरांना दर जुलैला प्रात्यक्षिकासाठी ताजे दवबिंदू लागायचे. बाबा पहाटे सड्यावर जाऊन मुळासकट काढायचे, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे आणि ट्रे मांडीवर धरून एसटीने वीस किलोमीटर न्यायचे. प्रयोगशाळेत चार दिवसांत झाडं मरत. सर म्हणत, "काशीराम, नवीन आण." बाबा नवीन आणत. ती मरत.

दहा-बारा वर्षं हे चाललं. एका वर्षी बाबांना ते सहन होईना. रागावले नाहीत, त्यांना नुसतं सहन होईना. ती का मरतात हे त्यांनी शोधायला घेतलं. त्यांच्या लक्षात आलं, की नळाच्या पाण्यात औषध असतं, तेच झाडांना बाधतं. मग पागोळ्यांचं पाणी, म्हणजे छपरावरून गळणारं पावसाचं, धरून घालायला सुरुवात केली. कुंडीतली चांगली खतवलेली माती काढून टाकली आणि सड्यावरचीच भरड घातली. प्राणिशास्त्र विभागाने माशांची एक काचपेटी तडा गेला म्हणून टाकून दिली होती. तिचा तडा एम-सील लावून बुजवला, तळाला धुतलेली नदीची वाळू, वर सड्याची माती, आणि वरून काच, पण बोटभर फट ठेवून. झाडं जगली. फुलली, बी धरलं, बी पडून नवी उगवली. परिचराने केलं ते. पुढे सरांचा या झाडांवर लेख आला, त्यात आभार मानलेल्यांची लांबलचक यादी होती. जीपच्या ड्रायव्हरचं नाव होतं. बाबांचं नव्हतं. मी तेव्हा दहावीत होते, आणि यादी दोनदा वाचल्यावर माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून तशीच आहे.

"अगं, घाईत राहिलं असेल," बाबा म्हणाले.

सरांची एक गोष्ट मात्र बाबांच्या अंगात भिनली. वाळवलेल्या प्रत्येक नमुन्याच्या कागदावर बाबांना चिठ्ठी लिहावी लागे: नाव, जागा, संकलक म्हणून सरांचं नाव, आणि तारीख. एकदा तारीख राहिली तर सरांनी सगळ्या वर्गासमोर तो कागद टेबलावर आपटला होता. "तारीख नसलेला नमुना म्हणजे पाचोळा, काशीराम." बाबा हे मला अभिमानाने सांगायचे, जणू त्यांना बक्षीस मिळालं होतं. मला वाटायचं की कागद उचलून सरांच्याच डोक्यावर आपटावा.

निवृत्त झाल्यावर बाबा ती काचपेटी घरी घेऊन आले. पडवीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवली, जिथे सकाळचं ऊन येतं आणि दुपारचं येत नाही. म्हणजे नेमकी आईची कोकम सुकवायची जागा. त्यावरून पाच वर्षं भांडण. शिवाय अंगणात पागोळ्यांच्या पाण्याची दोन पिंपं, वर फडकं बांधलेली. मे महिन्यात आमची विहीर तळाला जाते, आई डोक्यावर हंडा घेऊन खालच्या वाडीतून पाणी आणते, आणि दारात दोन भरलेली पिंपं, ज्यांना हात लावायचा नाही. "शेंबडीला पाणी हाय, माणसाला न्हाय," असं ती येता-जाता ऐकवायची. यात मी आईच्या बाजूची होते, हे सांगून टाकते.

"थोडं खत घाला त्यांना, वाढतील तरी," मी एकदा म्हटलं.

"खत घातलंस की मेली," बाबा म्हणाले. "सड्याच्या मातीत काही नसतं, म्हणून ती चिलटं धरून खायला शिकली. तिला मातीतून खायला दिलेलं सोसत नाही."

गेल्या डिसेंबरात गावात बातमी आली की सडा चिऱ्याच्या खाणीसाठी मागितलाय. मोठा पट्टा, आमच्या वाडीच्या वरच्या अंगाचा सगळा. एकदा यंत्राने कातळ कापायला सुरुवात झाली की खळगे, पाणी, लाल झाडं, सगळं चिऱ्यांबरोबर ट्रकमध्ये जाणार. शिवाय त्या कातळावरचं पाणी झिरपून आमच्या विहिरीला येतं, ते वेगळंच. गावात दोन दिवस आरडाओरडा झाला आणि मग ज्यांचे ट्रक होते ते गप्प बसले आणि ज्यांचे नव्हते ते त्यांच्याकडे बघून गप्प बसले.

बाबा गप्प बसले नाहीत, पण बोललेही नाहीत. त्यांनी जानेवारीत पेटीतली माती बदलली आणि जपून ठेवलेल्या पुडीतलं बी पेरलं. दवबिंदूचं बी म्हणजे काळी धूळ, शिंक आली तर वर्षाची मेहनत जाते.

"आता कशाला? ही तर पावसातली," मी विचारलं.

"पाहणीला उन्हाळ्यात येतात," बाबा म्हणाले. "सडा सुका असला की लिहायला सोपं जातं. म्हणून ती एप्रिलात हातात तयार पाहिजे."

तसंच झालं. दोन एप्रिलला पाहणी झाली. खाणवाल्याने एक तज्ज्ञ आणला होता. ते तज्ज्ञ म्हणजे आमचे सर. निवृत्तीनंतर ते सल्लागार झाले होते. सरांनी भर उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून, वीस मिनिटं सडा पाहिला आणि दाखला दिला. तो दाखला जोडलेला अहवाल टाईप करायला माझ्याच टेबलावर आला. 'सदर क्षेत्र खडकाळ व ओसाड. रकाना सात, वनस्पती: निरंक.' निरंक म्हणजे सरकारी भाषेत काही नाही. मी साहेबांना म्हटलं, पावसाळ्यात तिथे झाडं असतात, माझ्या फोनमध्ये फोटो आहेत. साहेब म्हणाले, "फोटो कुठलेही असू शकतात. तज्ज्ञांनी लिहिलंय ते टाईप कर." आणि मी टाईप केलं. मी, जी दुसऱ्यांच्या वाट्याचा राग करते म्हणून एवढी मिरवते, तिने कंत्राटाचं नूतनीकरण जूनमध्ये आहे हे आठवून निमूट 'निरंक' टाईप केलं, आणि चार दिवस घरी सांगितलं नाही.

शेवटी अहवालाची प्रत दाखवली तेव्हा बाबांनी सरांच्या नावावर बोट ठेवलं आणि, शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा उजळला.

"सर आहेत? मग झालं. हरकतींच्या सुनावणीत पेटी सरांपुढे ठेवतो. ही पेटीही त्यांना माहीत आहे आणि माती कुठली तेही. डोळ्यांनी बघितल्यावर सर खोटं बोलणार नाहीत."

"त्यांनी सही केलीय, बाबा."

"सुक्या सड्याची केलीय. ओल्या झाडासमोर नाही करणार."

सुनावणीची तारीख होती सोळा एप्रिल. चौदाला जयंती, सगळी वाडी पताका, लायटिंग आणि भाषणांच्या तयारीत, मुंबईची माणसं आलेली आणि पंधराला परत जाणार. सोळाला कुणाच्यात हरकत घ्यायचं त्राण उरणार नाही, हे ज्याने तारीख ठरवली त्याला चांगलं कळत होतं. पण पेटीत तेवीस झाडं तयार होती. मी मोजली होती. लालभडक, थेंब चमकत असलेली, दोन झाडांना तर पांढरी फुलं धरायला लागलेली. फक्त उन्हाळ्यामुळे सड्यावरच्यापेक्षा थोडी बारीक. बाबा रोज सकाळी पेटीसमोर बसून म्हणत, "जरा लहान आहेत. सरांना चष्म्यातून दिसतील ना?"

हे आई ऐकत होती. पाच वर्षं शेंबडीला शिव्या देणारी आई.

अकरा तारखेला मुसाभाईंचा मासळीचा टेम्पो वाडीत आला. आईने बांगडे घेतले, मागच्या दारी बसून मीठ लावून स्वच्छ धुतले. आता, आमच्याकडे मासे धुतलेलं पाणी कुणी गटारात ओतत नाही. ते माडाला जातं, कढीपत्त्याला जातं. आईचा कढीपत्ता आख्ख्या वाडीत नावाजलेला आहे, आणि तो त्याच पाण्यावर पोसलेला आहे. तिच्याकडे झाडाला द्यायला याच्याहून चांगलं काही नव्हतं. त्या दिवशी तिने कढीपत्त्याचा वाटा काढून, दोन तांबे, बाबा जयंतीच्या मीटिंगला गेले असताना, पेटीत घातला. कुणाला न सांगता. बाबांना सकाळी झाडं मोठी झालेली दिसावीत म्हणून.

दुसऱ्या दिवशी थेंब गेले. तिसऱ्या दिवशी पानं काळी पडली आणि पेटीला वास सुटला. बाबांनी वास घेतला आणि त्यांना कळलं. त्यांनी पिंपातलं पाणी ओतून माती तीनदा धुतली. आईच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत दोन्ही पिंपं रिकामी केली. काही उपयोग झाला नाही. पुडीत थोडं बी शिल्लक होतं, पण ते उगवून डोळ्यांना दिसायला दीड-दोन महिने लागतात, आणि सुनावणीला तीन दिवस होते.

बाबा रिकामी पिंपं उपडी घालायला गेले. मी बोलले. मी आईला जे बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. पाच वर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलेलं तुला कळत नाही का, तुला ती मारायचीच होती, इथपर्यंत मी गेले. खाणवाल्यावरचा, साहेबांवरचा, सरांवरचा आणि 'निरंक' टाईप करणाऱ्या माझ्या दहा बोटांवरचा राग मी एका बाईवर काढला, कारण ती समोर होती आणि उलट बोलत नव्हती.

"बारकी व्हती गो," ती एवढंच म्हणाली. "म्हटलं, वाईच ताकद येल."

चौदाला वाडीत नाच-गाणं चाललं होतं. आई बुद्धवंदनेला गेली, परत आली आणि पडवीत पेटीजवळ बसून राहिली. मला तिची माफी मागायची होती. मागितली नाही. माझ्या रागाला मोडता घालणं मला जमत नाही.

सोळाला सकाळी बाबांनी पेटी उचलली.

"बाबा, त्यात काय दाखवणार आहात?"

"जे आहे ते," ते म्हणाले. आईने दुसरं टोक धरलं. मला कचेरीच्या गाडीतून आधीच पोचायचं होतं, कारण सुनावणीचं इतिवृत्त, म्हणजे कोण काय बोललं त्याची नोंद, मलाच लिहायची होती.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात अकरा माणसं होती. टेबलामागे साहेब, शेजारी खाणवाला आणि सर, कडेला लॅपटॉप घेऊन मी. बाबांनी पेटी टेबलावर ठेवली. सरांनी नाकाला रुमाल लावला.

"सर, हे दवबिंदू आहेत. सड्यावरचे," बाबा म्हणाले. "तीन दिवसांपूर्वीपर्यंत जिवंत होते."

सरांनी वाकून पाहिलं. त्यांना पेटीचा तडा दिसला असणार, त्यांनीच तो कितीदा पाहिला होता. मग ते सरळ बसले.

"काशीराम, यात मला कुजलेलं शेवाळ दिसतंय. दुसरं काही दिसत नाही."

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ती मी त्या क्षणी बोटांत आणून थांबवली, कारण बोटांना टाईप करायचं होतं. बाबा पेटीकडे बघत उभे राहिले. चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडावर मी असला चेहरा पाहिला नव्हता. चाळीस कसली, माझं वय एकोणतीस आहे, पण त्याआधीही नसणार. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आणखी कुणाची हरकत?"

आई उठली. आयुष्यात कुठल्या सभेत ती बोललेली मला माहीत नाही.

"माजी हाय. लिवा. कमलाबाई काशीराम गमरे. ह्या पेटीत झाडं व्हती, ह्या सड्यावरच्या बियाची. तेवीस. ती मी मारली. बांगड्याचं पाणी घातलं मी त्यांना, न कळून." तिने सरांकडे बघितलं. "तुमी म्हणता काय नव्हतं. मंग मी मारलं काय? माजा नवरा भर पावसात तुमच्यासाठी ट्रे भरून न्यायचा, धा-बारा वर्सं. तवा त्यात शेवाळच व्हतं काय वो सर?"

साहेब माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हे विषयाला धरून नाही. घेऊ नका."

"घेतलंय, साहेब," मी म्हटलं. माझा आवाज सभागृहभर गेला, मी तो तसाच जाऊ दिला. "हरकतदाराचं म्हणणं जसंच्या तसं घ्यायचं असतं. आणि वाचून दाखवायचं असतं." मी वाचलं. पहिल्या शब्दापासून, तेवीस आकड्यासकट. 'सादर केलेला पुरावा' या रकान्यात मी 'मेलेली झाडं, एक पेटी' असं टाईप केलं होतं, तेही वाचलं.

मग साहेबांना विचारावंच लागलं, कारण अकरा माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "सर, पावसाळ्यात या सड्यावर ही वनस्पती असते का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला. खाणवाला त्यांच्याकडे बघत होता आणि बाबाही बघत होते.

"पावसाळ्यात असू शकते," सर म्हणाले.

"'असू शकते' लिहू, की 'असते'?" मी विचारलं.

माझी बोटं कीबोर्डवर तशीच होती. जूनमधलं नूतनीकरण मला आठवलं, आणि त्या वेळी त्याचं काहीच वाटलं नाही.

"असते लिहा," सर पेटीकडे न बघता म्हणाले.

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि सांगितलं की असं असेल तर रकाना सात रद्द धरून जुलैत फेरपाहणी लावावी लागेल, तोवर परवानगी नाही. सडा वाचला असं मी म्हणत नाही. जुलैला जुलै बघू. खाणवाला उठून बाहेर गेला. मी प्रिंट काढली आणि सह्यांसाठी कागद फिरवला. आईने एकेक अक्षर जोडत सही केली.

शेवटी कागद सरांपुढे आला. त्यांनी खिसे चाचपले, पेन नव्हतं. बाबा पुढे झाले. एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी आपल्या खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं आणि अदबीने सरांच्या हातात दिलं. ते बघून मला पुन्हा ओरडावंसं वाटलं. सरांनी घाईघाईने सही केली आणि कागद पुढे सरकवला.

बाबांनी कागदावर तळवा ठेवून तो तिथेच थांबवला.

"सर," ते म्हणाले, "तारीख राहिली."